पळायचं कुणीकडं?

३ डिसेंबर, सकाळचे पावणेअकरा. कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, अमोनियावर चालणारं शीतगृह असलेल्या एका कारखान्यात भोंगा झाला. खरा नव्हे, रंगीत तालमीचा. ठरलेलं नाटक असं असतं: रिसीव्हरच्या, म्हणजे द्रव अमोनियाच्या टाकीच्या, व्हॉल्व्हची ग्लँड गळायला लागली असं धरायचं. ज्याला पहिल्यांदा वास येईल त्यानं कंट्रोल रूमला कळवायचं. भोंगा चढ-उताराचा वाजवायचा. दोघांनी पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क चढवून आत जायचं, रिसीव्हरच्या अलीकडचा आणि पलीकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा, तिसऱ्यानं लांबून पाण्याचा फवारा धरायचा. बाकीच्यांनी असेंब्ली पॉइंटला, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, रांगेत उभं राहायचं, मस्टर वाचून डोकी मोजायची, आणि शेवटी सलग भोंगा, म्हणजे धोका टळला. नाटक अकरा मिनिटांत आटोपलं. वहीत तशी नोंद झाली, फोटो निघाले, माणसं कामाला लागली.

गेटाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे करंजाच्या झाडाखाली चहाचा गाडा आहे. भोंगा ऐकून गाड्यावरच्या मावशी दचकल्या. एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात सांडशी, तशाच रस्त्याच्या कडेला आल्या आणि गेटात उभ्या असलेल्या सुपरवायझरला म्हणाल्या, "साहेब, भोंगा झाला न्हवं? मग आमी पळायचं कुणीकडं?" साहेब हसले. "मावशी, तालीम हाय ती. खोटा भोंगा. तुमी बसा निवांत." मावशी मागं फिरल्या. तोवर चहा उतू गेला होता, तो पुसून घेतला आणि पुन्हा आधण ठेवलं.

प्रश्नाला उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

तालमीसाठी ही तारीख कुणी मुद्दाम निवडली असेल असं वाटत नाही. सहा महिन्यांतून एकदा तालीम घ्यायचा नियम आहे, आणि डिसेंबर उजाडला की दुसऱ्या सहामाहीची राहिली, हे कुणाला तरी आठवतं. गेटाशेजारी आदल्या दिवशीचा फलक होता, 'राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन, २ डिसेंबर'. त्यावरचा झेंडूचा हार एका रात्रीत सुकला होता. हा दिवस ज्या रात्रीची आठवण म्हणून पाळतात, तिचं नाव फलकावर नव्हतं. भोपाळ हे तीन अक्षरांचं नावही आता असंच कुठं कुठं गळून पडतं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक चौकट येते, मशाल मिरवणुकीचा नाही तर सर्वधर्म प्रार्थनासभेचा फोटो, खाली चार ओळी. तिथल्या कारखान्यासमोर लेकरू छातीशी धरलेल्या आईचा पुतळा आहे, त्याचा फोटो एखाद्या वर्षी येतो, एखाद्या वर्षी नाही. बातमीत आकडा असतो. सरकारनं सुरुवातीला सांगितलेला २,२५९, नंतर मध्य प्रदेश सरकारनं मान्य केलेला ३,७८७, आणि संघटना सांगतात तो याच्या कितीतरी पट. बाधितांचा सरकारनंच प्रतिज्ञापत्रात दिलेला आकडा ५,५८,१२५. आकडा पाठ झाला की आठवण पुरी झाली असं वाटायला लागतं. पण आकडा शेवटी येतो. त्याच्या आधी एक क्रम असतो, कुठला व्हॉल्व्ह, किती वाजता, कुणी काय पाहिलं आणि काय ठरवलं. कारखान्यांच्या सुरक्षिततेच्या धंद्यातली माणसं भोपाळ आठवतात ती त्या क्रमानं, आणि तो क्रम आठवणं जास्त त्रासाचं आहे. त्यात कुठंच राक्षस भेटत नाही, रोजच्या ओळखीचा आळस भेटतो.

भोपाळचा तो युनियन कार्बाइडचा कारखाना कीटकनाशकाचा होता. 'सेविन' हे नाव आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना अनोळखी नाही, पिकावर धुरळायची पावडर म्हणून कैक घरांत तिचा डबा असायचा. मराठीत कीटकनाशकाला आपण 'औषध' म्हणतो. उसाला औषध मारलं, भुईमुगाला औषध मारलं. आणि गावात कुणी जीव दिला तर तोही औषध पिऊनच. एकाच शब्दात दोन्ही बसवून आपण मोकळे. भोपाळच्या वस्त्यांतही कारखान्याची ओळख अशीच होती, शेतीची दवा बनवणारी कंपनी. दवा करण्यासाठी आत जे द्रव साठवलं होतं, मिथाइल आयसोसायनेट, एमआयसी, त्याचं नाव भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. सांगितलंच नव्हतं. राजकुमार केसवानी नावाचा पत्रकार १९८२ पासून छोट्या साप्ताहिकात लिहून लिहून थकला, की हे शहर संकटाच्या तोंडावर बसलं आहे. लिहिलेलं खरं ठरलं तेव्हा त्यालाही पळावं लागलं.

एमआयसी ३९ अंशाला उकळतं. म्हणजे कोल्हापूरच्या एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी ते उघड्यावर नुसतं ठेवलं तरी वाफ होऊन जाईल. म्हणून ते शून्याच्या आसपास थंड ठेवायचं, वर नायट्रोजनचा दाब धरायचा, आणि पाण्याचा थेंब आत जाऊ द्यायचा नाही. पाणी मिळालं की ते तापतं, तापलं की आणखी जोरानं पाण्याशी भिडतं, आणि एकदा हे चक्र धरलं की बाहेरून थांबवणं अवघड. भोपाळमध्ये थंड करणारं यंत्र जून १९८४ मध्ये बंद केलं होतं आणि त्यातला वायू दुसरीकडं वापरायला काढून घेतला होता. टाकी नंबर ६१० मध्ये नायट्रोजनचा दाब ऑक्टोबरअखेरपासून धरेना. टाकी अर्ध्याच्या वर भरायची नाही असा कंपनीचाच दंडक असताना तिच्यात ४० टनांच्या वर माल होता. गळालेला वायू धुऊन काढणारा कॉस्टिक सोड्याचा स्क्रबर 'सध्या गरज नाही' म्हणून थांबवून ठेवलेला. उरलेला जाळून टाकायची फ्लेअरची ज्योत बंद, कारण तिकडं जाणाऱ्या नळीचा गंजलेला तुकडा काढला होता आणि नवा बसवायचा राहिला होता. पाण्याचा पडदा धरायचे फवारे होते, पण वायू निघाला तो ३० मीटर उंचीवरून आणि फवारे तिथवर पोचले नाहीत.

आता हे एकेक वेगवेगळं धरून बघा. यंत्र बंद आहे, स्क्रबर आहे ना. स्क्रबर थांबवला आहे, फ्लेअर आहे ना. फ्लेअरची नळी काढली आहे, टाकी तर शांत आहे ना. प्रत्येक जण पुढच्या दाराच्या भरवशावर आपलं दार उघडं ठेवून गेला. कुठल्याही देखभाल विभागात दुपारी जाऊन बसलं की ही भाषा ऐकू येते. 'ते सध्या बायपास आहे', 'स्पेअर आलं की लावू', 'अलार्म सारखा वाजतो म्हणून काढून ठेवलाय'. बोलणारी माणसं वाईट नसतात. बहुतेकदा चांगलीच असतात, आणि घाईत असतात.

२ डिसेंबर १९८४, रविवार. रात्री नळ्या पाण्यानं धुवायचं काम चाललं होतं. असं काम करताना नळीच्या जोडात एक पत्र्याची चकती सरकवून पुढची वाट बंद करतात, तिला ब्लाइंड म्हणतात. ती चकती घातलेली नव्हती. पाणी नेमकं कुठल्या वाटेनं टाकीत गेलं यावर कंपनी शेवटपर्यंत वेगळं सांगत राहिली. पाणी गेलं, एवढं खरं. पावणेअकराला पाळी बदलली. साडेदहाला टाकीचा दाब चौरस इंचाला २ पौंड होता, अकराला १०. नव्या पाळीतल्या माणसानं काटा पाहिला, पण टाकीचा नेहमीचा पट्टाच २ ते २५ चा, त्यामुळं १० म्हणजे बरोबरच. काटा कुठं आहे हे त्याला दिसलं. अर्ध्या तासात काटा किती चढला हे पाहायचं, तर आधीच्या पाळीचा कागद शेजारी धरायला हवा होता. साडेअकराच्या सुमाराला डोळे चुरचुरायला लागले. डोळे चुरचुरणं त्या कारखान्यात नवीन नव्हतं. गळती कुठं आहे ते सापडलंही. चहा होऊ दे, मग बघू, असं ठरलं.

चहा झाला तोवर काटा पट्टीच्या बाहेर गेला होता. टाकीवरचं काँक्रीट तडकलं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला.

इथं भोंग्याची गोष्ट येते, आणि मावशींच्या प्रश्नाचं मूळही इथंच आहे. कारखान्याचा मोठा भोंगा एकच्या आसपास वाजला आणि काही मिनिटांत बंद केला गेला. बारीकसारीक गळतीला बाहेरची वस्ती उगाच घाबरू नये, म्हणून तसा शिरस्ताच पाडलेला होता. आतला, कामगारांसाठीचा, बारीक भोंगा चालू राहिला. बाहेरचा पुन्हा मोठ्यानं वाजला तेव्हा दोन वाजून गेले होते. कामगारांना वारा कुठून आहे ते ठाऊक होतं. ते वाऱ्याच्या उलट गेले, आणि त्यातले बहुतेक सगळे वाचले. वस्तीतल्यांना धसका बसून जाग आली ती खोकल्यानं. कुणीतरी मिरच्यांची पोती जाळतंय असं वाटलं, पुढं कित्येकांनी हेच सांगितलं. ते वाट फुटेल तिकडं, दक्षिणेला, शहराकडं धावले. वाराही तिकडंच चालला होता. पळणाऱ्या माणसाचा श्वास चौपट वाढतो, म्हणजे छातीत विषही चौपट. वायू हवेच्या दुप्पट जड, म्हणून जमिनीलगत दाट, आणि लहान मुलांचं नाक जमिनीपासून हातभरच वर. जे घरात तोंडाला ओलं फडकं लावून पडून राहिले, जे वाऱ्याला आडवे गेले, त्यांच्यातले जास्त तगले. एमआयसी पाण्याशी भिडतं, तेव्हा ओल्या कापडात ते थोडंतरी अडतं. फडक्याला काय पैसे पडतात? कारखाना उभा राहिला त्या दिवशी वस्तीत एकदा दवंडी पिटली असती, तरी पुरलं असतं. इस्पितळात डॉक्टर विचारत होते की हा वायू कुठला, उतारा काय. कंपनीकडून कळलं, अश्रुधुरासारखं आहे, डोळे पाण्यानं धुवा. तिकडं रेल्वे स्टेशनात गुलाम दस्तगीर नावाच्या उपस्टेशन अधीक्षकानं फलाटावरची गाडी वेळेआधीच सोडून दिली आणि येणाऱ्या गाड्या अलीकडच्या स्टेशनांवर थोपवायला लावल्या. त्या रात्री ज्याच्या हातात जे होतं ते नीट करणारी माणसंही होती. त्यांचं नाव घेताना बरं वाटतं आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

भोपाळची हवा त्या रात्री कशी वागली असेल हे बघायला कोल्हापूरकरांना लांब जावं लागत नाही. डिसेंबरात पहाटे साडेपाच-सहाला पंचगंगेच्या काठानं किंवा वडणगे-निगवे बाजूला नुसतं फिरून या. गुऱ्हाळं चालू झालेली असतात. चुलवाणात वाळली चिपाडं सारली जातात, काहिलीवर मळी धरते, भेंडीचा रस घातला की ती वर येते, आणि गुळव्या तिकडं नजर लावून असतो. वास गोड, थोडा करपट, नाकात बसणारा. पण आपण बघायचं धुराड्याकडं. धूर सरळ वर निघतो, नारळाच्या झाडाएवढा चढतो, आणि मग एकदम थबकतो. वरून कुणीतरी ताट पालथं घातल्यासारखा आडवा होतो आणि उसाच्या शेंड्यांवरून, पांढऱ्या पट्ट्यासारखा, पार दुसऱ्या गावच्या शिवारापर्यंत सरकत जातो. विरत नाही, फाटत नाही. रात्रभरात जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार होऊन खाली बसते, वर त्या मानानं उबदार हवेचं झाकण बसतं. झाकणाखाली जे सोडाल ते तिथंच राहतं. साडेनऊ-दहाला ऊन जमिनीला लागलं की झाकण निघतं आणि तोच धूर वाटेल तसा वर उधळतो. भोपाळमध्ये रात्री एकला सुटलेला वायू या झाकणाखाली सापडला. मे महिन्यातल्या दुपारी दोनला सुटता, तर वाईटच झालं असतं, पण इतकं नाही. गुऱ्हाळाचा तो पट्टा दिसायला फार सुंदर असतो, लोक थांबून फोटो काढतात. हे एकदा कळलं की तो पूर्वीसारखा सुंदर दिसत नाही, आणि तरी बघितल्याशिवाय राहवत नाही.

मावशींचा प्रश्न टोचतो तो यासाठी, की हेच कोल्हापूर पुराच्या पाण्याच्या बाबतीत इतकं अडाणी नाही. जुलै लागला की रिक्षात, भाजीच्या गाडीवर, कुस्तीच्या तालमीच्या कट्ट्यावर एकच प्रश्न असतो, "किती झालं?" उत्तरही तेवढंच तुटक, "एकेचाळीस." फूट म्हणायची गरज नाही, पंचगंगेची पातळी मोजतात तो राजाराम बंधारा म्हणायचीही नाही. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. चिखली-आंबेवाडीत गुरं कधी सोडायची, कुंभार गल्लीत सामान माळ्यावर कधी चढवायचं, कुठला रस्ता कितीला बंद होतो, हे कागदावर नसतं, तोंडात असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, तेव्हा ते ज्ञानही अपुरं पडलं. पण ज्ञान होतं. पाणी कुठून येणार आणि आपण कुणीकडं जाणार, हा प्रश्न या गावात कुणी विचारत नाही. वाऱ्याचं तसं नाही. तेही पूर्वी होतं म्हणा. खळ्यावर मळणी झाली की वारं कुठून आहे ते चिमूटभर माती सोडून बघायचं, पाठीवर वारं घेऊन तिवईवर उभं राहायचं आणि सूप हलवायचं, म्हणजे भुसा पुढं उडतो, डोळ्यात जात नाही. पावसाळ्यात झड पश्चिमेकडनं येते म्हणून त्या बाजूच्या भिंतीला ताट्या बांधायच्या. मळणीयंत्र आलं, सिमेंटची भिंत आली, आणि वारा फक्त मोबाइलवरच्या बाणात उरला.

आणि आठवण कशी पाळायची हेही या गावाला शिकवावं लागत नाही. ६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली, तेव्हा सकाळी दहा वाजता अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं. सिग्नलला गाड्या बंद करून माणसं खाली उतरली होती. शंभर सेकंद थोडे वाटतात, उभं राहिल्यावर लांबतात. अमोनियाच्या ढगात उघड्या तोंडानं शंभर सेकंद कसे जातील, हा विचार अशा वेळी मनात येऊ नये, पण धंद्यातल्या माणसाच्या येतो.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाने कायद्यातली दुरुस्ती, १९८९ चे धोकादायक रसायनांचे नियम. त्या नियमांत एमआयसीची मर्यादा १५० किलो आहे, क्लोरीनची १० टन, अमोनियाची ६० टन. त्याच्या वर साठा असला की आपत्कालीन आराखडा, तालीम, आणि बाहेरच्या लोकांना माहिती देणं आलं. कागद म्हणून हे उत्तम आहे. ४७ कोटी डॉलरची तडजोड १९८९ ची, शिक्षा २०१० ची आणि ती दोन वर्षांची, वाढीव भरपाईची याचिका २०२३ मध्ये फेटाळलेली, कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून पीथमपूरला हलला तो २०२५ च्या जानेवारीत. याच्यावर आणखी लिहायची इच्छा होत नाही.

मर्यादेच्या खालच्यांचं काय, हा प्रश्न मात्र सुटत नाही. बर्फाचा कारखाना, दुधाचं शीतकेंद्र, गावोगावची जलशुद्धीकरण केंद्रं. तिथं दहा टन क्लोरीन नसतं, दोन-तीन टनर असतात. टनर म्हणजे आडवा ठेवलेला लोखंडी पिंप, आत ९०० किलो द्रवरूप क्लोरीन. त्याच्या एका टोकाला दोन व्हॉल्व्ह. ते एकाखाली एक, उभ्या रेषेत येतील असा टनर फिरवून ठेवायचा, म्हणजे वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. गळती लागलीच तर पहिलं काम, टनर फिरवून गळकी जागा वर आणायची. द्रव बाहेर पडला की त्याचा साडेचारशे पटींहून अधिक वायू होतो, वायू पडला तर तो वायूच राहतो. गळती शोधायला काठीला बोळा बांधून तो अमोनियाच्या पाण्यात बुडवून जोडापाशी धरतात, जिथून पांढरा धूर निघेल तिथं गळती. आणि गळक्या टनरवर पाणी मारायचं नाही, कधीच नाही. पाण्यानं आम्ल होतं, आम्लानं भोक मोठं होतं. अमोनियाचं उलट. त्याच्या वाफेवर पाण्याचा फवारा हेच औषध, पाणी त्याला पिऊन टाकतं, फक्त जमिनीवर द्रवाचं थारोळं साठलं असेल तर त्यावर नाही, ते उसळतं. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, म्हणून जिना चढून वर जायचं. अमोनिया हलका, वर जातो असं पुस्तक सांगतं, पण दाबाखालचा गार द्रव फुटला की पहिल्यांदा पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीवरूनच पसरतो. हे सगळं एका भोंग्यात कसं सांगणार? दोन्ही वायूंना लागू पडेल असं एकच आहे, वारा बघून त्याला आडवं जायचं. ओलं फडकं तोंडाला लावलं तर दोन-चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात आडवं निघायचं.

आत जाणाऱ्यांची वेगळी तऱ्हा. सहा लिटरच्या सिलिंडरात ३०० बार दाबाला १८०० लिटर हवा मावते, कागदावर पाऊण तास, व्हॉल्व्हशी झोंबताना अर्धा. हवा संपत आली की शिट्टी होते, तेव्हा हातातलं काम टाकून निघायचं. मिशी चालते, दाढी नाही, कारण मास्कची कड गालाला चिकटली पाहिजे. नवरात्रात दाढी न करणाऱ्यांशी यावरून दर वर्षी वाद ठरलेला. मास्क उतरवायची घाई करायची नाही, हे तर घोकून घ्यायचं. डिसेंबर १९८१ मध्ये त्याच भोपाळच्या कारखान्यात अंगावर फॉस्जीन हे विषारी रसायन उडालं म्हणून एका कामगारानं घाबरून मास्क ओरबाडून काढला आणि तो गेला. तीन वर्षं आधीचा इशारा होता तो.

राहिला विंडसॉक. छपरावरची ती केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन्ही तोंडांना उघडी, निमुळती कापडी पिशवी. रुंद तोंडानं वारा घेते, निमुळतं टोक वारा जाईल तिकडं वळतं, म्हणजे आपण टोकाच्या दिशेनं जायचं नाही. त्या दिवशी ती खांबाला गुंडाळून बसली होती. कडीचं बेअरिंग पावसात गंजलं होतं आणि कापड उन्हानं विटून ताठ झालेलं. पण ती मोकळी असती तरी फारसं सांगू शकली नसती, आणि हा खरा पेच आहे. जाड कापडाची पिशवी ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वाऱ्यात पूर्ण आडवी होते. डिसेंबरातल्या सकाळी आपल्याकडं वारा असतो तीन-चारचा. तेवढ्यात ती हलत नाही, मान टाकून लोंबत राहते. म्हणजे ढग सगळ्यात जास्त वेळ जमिनीवर रेंगाळणार त्याच वेळी विंडसॉक मुका. म्हणून जाणती माणसं पातळ नायलॉनची पिशवी लावतात, वर्षातून दोनदा बेअरिंगला ग्रीस, आणि गेटाजवळ, नजरेच्या उंचीवर, लोकरीचा हातभर धागा काठीला बांधून ठेवतात. धागा फुंकरीनंही वळतो. खर्च दोन रुपये. तपासणीला येणाऱ्या साहेबांना तो कुणीतरी चेष्टेनं बांधलाय असं वाटतं, आणि पुढच्या रंगकामात तो काढून टाकला जातो.

तालमीनंतर शिडी लावून एकानं कडी सोडवली. पिशवी दोनदा फडफडली आणि पुन्हा लोंबायला लागली. वारा किती आहे आणि कुठून आहे, तिला सांगता येईना. असेंब्ली पॉइंट कारखान्याच्या पश्चिमेला, कॅन्टीनच्या मागच्या मोकळ्या जागेत आहे. तिथं साठ-सत्तर माणसं अकरा मिनिटं रांगेत उभी होती. खाली, गेटाबाहेर, पूर्वेला मावशींचा गाडा. त्यांनी झाकण काढलं. चहाची वाफ वर आली, हातभर चढली, वाकली, आणि रस्ता ओलांडून सावकाश कारखान्याकडं निघाली.

मावशी गाळणी धरून उभ्या होत्या. वाफ त्यांच्या तोंडावर येत नव्हती.